यहुद्यांचा बाक

बुध., ५ मार्च

राखेचा बुधवार. संध्याकाळच्या भक्तीनंतर पाळकसाहेबांनी उत्तम शुक्रवारची यादी वाचली. क्रुसावरची सात वाक्यं, बोलणारे सात जण, प्रत्येकाला बारा मिनिटं. पहिलं वाक्य माझ्याकडे, क्षमेचं: 'बापा, त्यांना क्षमा कर, ते काय करतात हे त्यांना कळत नाही.'

निघताना व्हरांड्यात थांबवलं. "बाई, तुमचा अर्ज पाहिला. बाप्तिस्मा झाला की अर्जाची गरजच उरत नाही."

अर्ज चार ओळींचा. माझी आई या मंडळीची सभासद होती, ती इथल्या दफनभूमीत आहे. वडिलांचा बाप्तिस्मा झालेला नाही. त्यांच्या माघारी त्यांना आईशेजारी जागा मिळावी. आबा अठ्ठ्याहत्तरचा. जानेवारीत डॉक्टरांनी हृदय दमलंय असं सांगितलं, म्हणून आत्ता विचारलं.

गरजच उरत नाही. नळाचं कनेक्शन असावं तसं बोलले. खांडबाऱ्याच्या रेल्वे फाटकात गाडी जाईपर्यंत थांबावं लागलं, तेवढा वेळ मनातल्या मनात भांडले. तोंडावर मात्र "बरं साहेब".

शुक्र., ७ मार्च

कॉलेजात दोन तास मोकळे होते. पहिल्या वाक्याचं टिपण केलं. एका बैठकीत चार पानं, इतकं सरळ कधी सुचत नाही.

मुद्दा असा. "त्यांना कळत नाही" असं प्रभू म्हणतो, पण त्यांना कळायला हवं होतं. ग्रंथ त्यांच्याकडे होता. दुःख सोसणारा सेवक यशया संदेष्ट्याने लिहून ठेवला होता, बेथलेहेमचं नाव मीखाने दिलं होतं. शेकडो वर्षं वाट पाहिली आणि दारात आला तेव्हा ओळख नाही. आमच्या डोंगरातल्या माणसाला कुणी सांगितलंच नव्हतं, तो सुटला. यांना पाठ होतं. पाठ असून न ओळखणं ही चूक नव्हे, हा उद्दामपणा आहे.

नवऱ्याला, सुधाकरला, फोनवर वाचून दाखवलं. तो पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्यात, शनिवारी येतो. म्हणाला, "जोरदार आहे. पण तू इतकी कुणावर चिडलीस?"

यहुद्यांवर, म्हटलं.

रवि., ९ मार्च

आबा आज आला होता. नेहमीप्रमाणे दाराजवळचा शेवटचा बाक. आई होती तेव्हा तिला सायकलवर आणायचा आणि भक्ती संपेपर्यंत बाहेर चिंचेखाली बसायचा. तीस वर्षं. ती गेल्यावर आत येऊन बसायला लागला. प्रार्थनेला उभा राहतो, बाकी काही करत नाही.

संडेस्कूलच्या दोन मुली जागा शोधत होत्या. एक दुसरीला म्हणाली, "तिथं नको बसू, तो यहुद्यांचा बाक आहे."

आपल्यातल्या ज्यांनी अजून प्रभूला मानलं नाही ते, लग्नाला, नाताळला आलेले काके-मामे, तिथे बसतात. म्हणून ते नाव. आठ वर्षांच्या मुलीलाही माहीत.

नाव कुणी पाडलं तेही मला माहीत आहे. आज लिहीत नाही.

गुरु., १३ मार्च

होळी. आबा कालच गावी गेला. छातीचं सांगून अडवायचं ठरवलं होतं, अडवलं नाही. त्याचा होळीचा उपवास होता, माझाही लेंथचा, ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांचा. आठवडाभर एका चुलीवर दोन उपवास. तो माझ्यासाठी खजूर आणायचा, मी त्याच्यासाठी भगर.

दुपारी पाळकसाहेब घरभेटीला. "आबा कुठे?" खोटं कसं बोलणार, होळीला गेले म्हटलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "एकीकडे अर्ज, एकीकडे होळी. मंडळीच्या पंचांना मी काय सांगू?"

मी म्हटलं, "त्यांनी कधी लपवलं आहे का?"

"तेच तर. लपवलं असतं तर निदान भीड आहे असं तरी म्हणता आलं असतं."

हे मला अजून पचलेलं नाही. म्हणजे ढोंग केलं असतं तर जागा मिळायची शक्यता जास्त होती.

रवि., १६ मार्च

उपदेश: योहान, बारावा अध्याय. इतकी चिन्हं पाहूनही त्यांनी विश्वास ठेवला नाही, आणि हे यशयाने आधीच सांगितलं होतं. पाळकसाहेब चांगले बोलतात, खोटं कशाला लिहू. मग म्हणाले, "असे यहुदी यरुशलेमातच होते असं समजू नका. आपापल्या घरात पाहा." आणि नजर शेवटच्या बाकावर. सगळ्या मंडळीने माना वळवल्या.

आबा होळीहून कालच परतलेला, दमलेला. त्याला वाटलं काहीतरी हरवलंय, तोही मागे वळून भिंतीकडे पाहू लागला. दोघं-तिघं हसले.

उठून बाहेर जावं असं वाटलं. गेले नाही. का गेले नाही ते लिहून टाकते, नाहीतर ही वही ठेवण्यात अर्थ नाही.

तो शब्द माझा आहे. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते, नाताळात घरी आलेली. चर्चच्या दारात आम्ही मैत्रिणी सजावट करत होतो. कुणीतरी विचारलं, पाहुण्यांना कुठे बसवायचं. मी म्हटलं, "तो मागचा. यहुद्यांचा बाक." खूप हसलो. मला शास्त्र येतं, इतिहास येतो, हेही दाखवायचं होतं. वीसेक वर्षं झाली. शब्द माझ्यापेक्षा जास्त माणसांना ओळखतो आता.

पाळकसाहेबांनी फक्त उचलला.

सोम., १७ मार्च

सकाळी दात घासताना आबा: "यहुदी म्हणजे कोण गं?"

सांगितलं. अब्राहामापासून. मिसर, मोशे, नियमशास्त्र, पहिलं पीक देवाला दिल्याशिवाय खायचं नाही, इथपर्यंत आले तेव्हा म्हणाला, "बरोबर आहे." देवमोगरा मातेला दाखवल्याशिवाय तो नवी कैरी तोंडात घालत नाही.

"म्हणजे पुस्तक त्यांचं?"

"हो."

"तुमचा येशू त्यांच्यातला?"

"हो. त्याची आई, शिष्य, सगळे."

"मग त्यांच्या घरात बसून त्यांनाच नावं ठेवता?"

चूळ भरून आत गेला. उत्तराची वाट पाहिली नाही. तो वाट पाहत नाही याचाच मला जास्त राग येतो. पंचवीस वर्षं मी त्याला समजावते आहे. तो ऐकतो, एखादा प्रश्न विचारतो आणि गुरांकडे जातो.

शनि., २२ मार्च

आबाला आता रोज दुपारी थोडं वाचून दाखवते. त्यानेच म्हटलं, यहुद्यांचं पुढे काय झालं ते वाच. पौलाचं रोमकरांना पत्र, अध्याय नववा ते अकरावा. अवघड. चार-पाच ओळी वाचायच्या आणि आमच्या बोलीत सांगायच्या.

आज जैतुनाचं झाड आलं. काही फांद्या तोडल्या आणि त्या जागी रानटी जैतुनाची फांदी कलम केली, ती रानटी फांदी म्हणजे आपण, असं सांगितलं. आबा हसायलाच लागला. खोकला येईपर्यंत.

"उलटं आहे. गावठी खुंटावर चांगल्या झाडाची काडी बांधतात. चांगल्या झाडावर रानटी काडी कोण बांधेल? आंबट फळं खायची आहेत का?"

सरकारी रोपवाटिकेत त्याची हयात गेली. नवापूर तालुक्यातले किती केशर आंबे त्याच्या हातचे आहेत. मी म्हटलं, पौल स्वतःच पुढे लिहितो की हे निसर्गाच्या उलट आहे.

"त्याला माहीत होतं?"

"होतं."

मग म्हणाला, "तर मग तो माळी वेडा नाही. त्याला ती रानटी काडी आवडली असणार, दुसरं कारण नाही. पण काडीने खुंटाला शिव्या देऊ नयेत. खुंट सुकला की आधी काडी जाते."

पुढची ओळ नेमकी तीच. तोडलेल्या फांद्यांपुढे बढाई मारू नकोस, तू मुळाला उचलून धरत नाहीस. मी अजून वाचलीही नव्हती.

चार पानांचं टिपण फाडलं.

सोम., २४ मार्च

फाडल्यावर मोकळं वाटेल असं वाटलं होतं. उलट संताप. आज स्वतःवर.

मी आयुष्यात एकही यहुदी पाहिलेला नाही. चव्वेचाळीस वर्षांत एकही नाही. तरी चार पानं एका दमात. ग्रंथ पाठ असून ओळखलं नाही, हे मी कुणाबद्दल लिहीत होते? आबाला लिहिता-वाचता येत नाही, पण तीस वर्षं चिंचेखाली बसून त्याला निम्मं गीतपुस्तक पाठ झालंय. आईच्या शेवटच्या दिवसांत तिला गाणी तोच म्हणून दाखवायचा, मला सूर लागत नाही म्हणून. सगळं ऐकलं, सगळं पाहिलं आणि मानलं नाही. त्याच्यावर ओरडता येत नाही म्हणून दोन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांवर ओरडले.

आणि तरीही. मला तो तारलेला हवा आहे. हे खोडून टाकता येत नाही. त्याचा मान राखला गेला, जागा मिळाली, आणि तो प्रभूविना गेला, तर मी काय मिळवलं? हे पाळकसाहेबांपुढे बोलत नाही, कारण ते म्हणतील, मग आपण एकाच बाजूला आहोत.

आहोत का?

रवि., ३० मार्च

भक्तीनंतर शिमोनकाका घरी आले. पंच कमिटीत सगळ्यांत जुने, नंदुरबारला वाढलेले, म्हणून आमच्यात राहूनही अहिराणीच बोलतात. आबाचे जुने दोस्त. दोघं अंगणात खाटेवर.

"गोमाभाऊ, पानी टाकी ले ना डोकावर. काय बिघडस तुन्हं? दोन मिनिटनं काम शे."

आबा म्हणाला, "पाण्याला मी घाबरत नाही. पाणी टाकताना तो विचारतो ना, मानतोस का म्हणून?"

"हा, इचारस."

"मग काय सांगू?"

"हा सांग. दुसरं काय सांगशी?"

"आणि मग तिच्याशेजारी जाऊन झोपू? तिच्याशी मी एकदाच खोटं बोललो, शिमोन. बैल विकला तेव्हा. आठ दिवस जेवायला वाढलं नाही तिने. आता तर उठून दुसरीकडे जेवायलाही जाता येणार नाही."

काका बराच वेळ तंबाखू मळत राहिले. मग म्हणाले, "तुन्हं बी खरं शे." आणि माझ्याकडे वळून, "पन बेटा, नियम शे. मी एकटा काय करू?"

काल एकटे होते, आजही एकटेच. कमिटीतला प्रत्येक जण एकटाच असतो. सात एकटे मिळून नियम होतो.

बुध., २ एप्रिल

वाईट दिवस. लिहिते.

आबाला म्हटलं, गावी भाऊबंदांची जागा आहे तुझी, तिकडे का नको? म्हणाला, "तिकडे मी कुणाला ओळखतो आता?" मग मी म्हटलं, "तर हो म्हण ना. मनातलं देव पाहील. तू फक्त हो म्हण." रडले वगैरे नाही. चिडून म्हटलं, वर्गात उत्तर न देणाऱ्या पोराला म्हणावं तसं.

तो माझ्याकडे पाहत राहिला. "तू हे सांगतेस?"

तेवढंच. विळा घेऊन चाऱ्याला गेला.

पंचवीस वर्षं मी त्याला खरा विश्वास म्हणजे काय ते शिकवलं. आज म्हटलं खोटा चालेल. पाळकसाहेबांनी हेच म्हटलं तेव्हा मला पचलं नव्हतं. शास्त्री-परूशांना ढोंगी म्हणून मी किती नावं ठेवली आहेत, संडेस्कूलपासून.

मंगळ., ८ एप्रिल

आबाशी बोलणं सुरळीत. त्यानेच सुरू केलं: "पुढचं वाचणार नाहीस का?" राग धरणं त्याला जमत नाही. मला जमतं.

सोम., १४ एप्रिल

कॉलेजला सुट्टी. काल झावळ्यांचा रविवार झाला. येशूच्या स्वागताला होसान्ना म्हणणारी गर्दी, शुक्रवारी 'क्रुसावर द्या' ओरडणारी गर्दी, "तेच यहुदी", असा उपदेश दरवर्षी. तीच माणसं होती असं कुठे लिहिलंय हे शोधत बसले. सापडलं नाही.

पाळकसाहेबांनी टिपण पाहायला मागितलं होतं, सगळ्यांचंच मागतात. नव्याने लिहिलेलं घेऊन गेले. वाचून म्हणाले, "यात यहुद्यांचा अविश्वास कुठे आहे?"

"'त्यांना कळत नाही' यातले ते कोण, हा प्रश्न आहे ना यात."

"बाई, भविष्य पुरं झालं हे सांगायला नको? त्यांचे डोळे आंधळे होणार हे लिहिलेलं होतं."

"लिहिलेलं होतं म्हणून झालं असेल, तर त्यांना शिव्या कशाला? आणि त्यांचा दोष असेल, तर माफी मागितली आहे ना त्यांच्यासाठी? वधस्तंभावरून? ती मागणी नामंजूर झाली असं आपण कशावरून धरलं?"

आवाज चढला. पाळकीणबाईंनी आतून डोकावून पाहिलं.

ते रागावले नाहीत, हेही लिहायला हवं. थकून म्हणाले, "तुम्हाला वाटतं मला आबांचं वाईट व्हावंसं वाटतं. इथं आलो त्या वर्षी एका घरात मी नियम सोडला. वर्षभर मंडळी दोन तुकड्यांत बसत होती. नवरा एकीकडे, बायको एकीकडे. परत ते निस्तरायचं बळ माझ्यात नाही."

मला माहीत नव्हतं. कुणाचं घर ते विचारलं नाही. तरी टिपण बदललं नाही.

शुक्र., १८ एप्रिल

उत्तम शुक्रवार. बारा ते तीन. पत्र्याखाली भट्टी.

पहिली मीच. क्षमा मागितली गेली तेव्हा कुणाचंही नाव घेतलं गेलं नाही, यहुदी नाही, रोमी नाही, हे सांगितलं. आपल्याला जे वचन मिळालं ते सगळं यहुद्यांनी सांभाळलं म्हणून मिळालं, हेही. मग कागद खाली ठेवला. म्हटलं, "मागच्या बाकाला तुम्ही जे म्हणता ते नाव मी पाडलं. कॉलेजात होते. माझ्या बापासारख्यांवर पाडलं. मला वाटलं मी हुशार आहे. आजपासून ते कुणी म्हणू नये अशी विनंती आहे. आणि म्हटलंच, तर निदान हे लक्षात ठेवून म्हणा की प्रभू आज इथे आला तर त्याच्या कुळाप्रमाणे त्याला तिथेच बसावं लागेल."

शेवटचं वाक्य टिपणात नव्हतं. टाळी मिळावी म्हणून बोलले का? थोडंसं. टाळी अर्थातच नाही, उत्तम शुक्रवारी कोण वाजवणार. पुढच्या रांगेत कुणीतरी खाकरलं. माझी सतरा मिनिटं झाली, म्हणून चौथ्या वाक्यवाल्या सरांची कापली गेली. ते बोलत नाहीत आता माझ्याशी.

परतताना आबा रिक्षात शेजारी. घर आल्यावर म्हणाला, "मला माहीत होतं."

"काय?"

"नाव तू पाडलंस ते. त्या नाताळला मी दारातच होतो. केळीचा खांब धरून."

वीस वर्षं. तो बाक कुठला, त्याला काय म्हणतात हे माहीत असून आई गेल्यावर तिथेच जाऊन बसला.

"मग बोलला का नाहीस?"

"तू हसत होतीस. कॉलेजातून आल्यापासून घरात कुणाशी हसली नव्हतीस."



रवि., २० एप्रिल

पुनरुत्थान. पहाटेची भक्ती, दफनभूमीत. आईच्या कबरीवर फुलं ठेवली. आबा फाटकाबाहेर उभा होता. कुणी ये म्हटलं नाही, मीही नाही. का नाही? पंच बघत होते म्हणून. कबूल.

पाळकसाहेबांनी जाहीर केलं, कमिटी पुढच्या रविवारी, भक्तीनंतर. विषयांत अर्ज आहे. शिमोनकाका जवळून जाताना हळूच म्हणाले, "आते मी एकटा नई शे. दोन जन शेतस." दुसरा कोण ते सांगितलं नाही. सातांत दोन.

बुध., २३ एप्रिल

दुपारी अकरावा अध्याय संपला. शेवटी पौल काय म्हणतो ते आबाला सांगितलं. इतकं सगळं मांडून, यहुद्यांचं काय होणार, आपलं काय होणार, सगळा हिशोब करून, शेवटी तो हात टेकतो. देवाचं मन कुणाला कळलं, त्याला सल्ला कोण देणार, असं म्हणून थांबतो.

आबा खाटेवर पडून ऐकत होता. मला वाटलं डोळा लागला.

"म्हणजे त्याला माहीत नाही?"

"कोण आत, कोण बाहेर, हे शेवटी देवालाच माहीत, असं म्हणतो."

"एवढा शिकलेला माणूस."

"हो."

"मग पंचांना कसं माहीत?"

मी पुस्तक मिटलं. यावर शास्त्रातलं उत्तर आहे, मंडळीची शिस्त, बांधण्या-सोडण्याचा तिला दिलेला अधिकार, मला येतं ते. दिलं नाही. ते खरं असलं तरी दिलं नाही. त्याच्यासाठी काय मागावं हेही मला आता नीट कळत नाही. जागा मागू लागले की वाटतं विश्वास मागायला हवा. विश्वास मागू लागले की वाटतं मी पुन्हा त्याला समजावायला बसले.

तो उठून बसला. पाय खाली सोडून चप्पल शोधली.

"रविवारी मला ने. मी विचारतो त्यांना."

"आबा, ते तुला आत घेणार नाहीत. कमिटी आहे ती."

"दारात उभा राहून विचारीन. तेवढा आवाज आहे अजून."

"आणि उलट त्यांनी तुला विचारलं, तू मानतोस का म्हणून, तर?"

लगेच बोलला नाही. आजवर ह्या प्रश्नावर तो नेहमी लगेच बोलत आला आहे.

"तिथे बघू," म्हणाला. आणि पांढरा सदरा धुवायला टाक, इस्त्री नको, इस्त्रीने टोचतो.